राहिलेली ओवाळणी

शिरूर अनंतपाळ,
२४ ऑक्टोबर २०२४

रवीदादा,

आधी हे पाकीट फाडू नकोस. फाडायचंच असलं तर वाचून फाड, निदान राग कशावर काढलास ते तरी कळेल तुला. माझा नंबर तू बंद करून टाकलास, म्हणून पोस्टानं लिहिते. शंकरप्पा पोस्टमनला सांगून ठेवलंय, पत्र दादाच्याच हातात द्यायचं आणि तो काय म्हणाला ते मला येऊन सांगायचं. तो म्हणाला, "ताई, मी डाक वाटतो, लोकायच्या तोंडातलं वाटत न्हाई." पण सांगेल. त्याला माझ्यापेक्षा जास्त चौकशा असतात.

बातमी अशी, की मी विधानसभेला उभी राहतेय. उद्या तहसीलला जाऊन फॉर्म भरणार. अपक्ष. तुझ्या आमदारसाहेबांच्या विरोधात.

हसू आलं असेल तुला. तुझ्या दाजींनाही आलं होतं. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करता करता हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "तनुजा, तू निवडून आलीस तर घरी डबा कोण करणार?" मी म्हटलं, डबा तसाही तुम्हीच करता. आणि संध्याकाळी ते स्वतःच जाऊन माझे फोटो काढायला फोटोवाल्याची वेळ घेऊन आले.

का उभी राहतेस, असं सगळेच विचारतात. सोळा वर्षं झाली मला संस्थेच्या कामासाठी गावोगाव फिरायला. शाळा सुटलेल्या पोरींचे वर्ग घेतले, बाळंतिणींची वजनं केली, लसीच्या दिवशी घराघरांतून पोरं ओढून आणली. पोरगी दहावीनंतर घरी का बसते? एसटी येत नाही. एसटी का येत नाही? रस्ता नाही. रस्ता का नाही, असं विचारायला गेलं की जो तो वरच्या खुर्चीकडे बोट करतो. मला एकदा ती खुर्ची उचलून बघायची आहे, तिच्याखाली असं दडलंय तरी काय.

आणि घरी बसलेल्या पोरीचं पुढं काय होतं ते तुला मी सांगायला नको. लॉकडाऊनमध्ये तू तुझ्या शिवांगीचं लग्न काढलंस. सोळाची होती. मी ग्रामसेवकाला कळवलं, पोलीस आले, मांडव उतरवला. त्या दिवशी तू मला सगळ्या सावरवाडीसमोर म्हणालास, "तू मला मेलीस." माफी मागायला मी हे लिहीत नाही, दादा. तेव्हा केलं ते उद्याही करीन. पण मेलेल्या माणसाची पत्रं येत नाहीत, आणि माझं आलंय, तेव्हा तेवढं दुरुस्त करून घे.

आता कामाचं. तुला साहेबांच्या प्रचाराचा एवढा अनुभव, मला एक अक्षर माहीत नाही. म्हणून तीन गोष्टी विचारते. साहेब गाडीतून उतरले की प्रत्येकाला नावानं हाक मारतात, ती नावं त्यांच्या कानात कोण सांगतं? सभेत पहिल्यांदा टाळी वाजवणारा माणूस ठरलेला असतो का? आणि सध्या सोयाबीनच्या राशी चालू आहेत, माणसं दिवसभर मळणीला शेतात, तर गावात लोक भेटायची वेळ कोणती?

विरोधकाला असं विचारत नसतात म्हणे. मी भावाला विचारतेय.

तनुजा

३१ ऑक्टोबर

रवीदादा,

पत्र तू घेतलंस! शंकरप्पा सांगत होता, आधी म्हणालास "परत ने", मग तो सायकल वळवायला लागला तर म्हणालास "आलंच हाय तर ठिव तिथं." आणि ते 'तिथं' म्हणजे कट्ट्यावर नाही, तुझ्या सदऱ्याचा खिसा. माझ्याकडे सगळ्या बातम्या येतात.

पुढची गंमत ऐक. तीन दिवसांमागं शंकरप्पा मला म्हणतो, "रवीदादा तालमीपाशी लोकायला सांगायलता, आजकालच्या अपक्षायला काय अक्कल हाय का? राशीच्या दिवसात दुपारी सभा घ्यायलेत. अरे, माणूस घावतो सकाळी दूध घालायला डेअरीवर येतो तवा, न्हाईतर संध्याकाळी पिठाच्या गिरणीपाशी." दादा, मी दुपारी एकही सभा घेतली नव्हती. कुणी अपक्षानं घेतली नव्हती. मग तू हे कुणाला सांगत होतास?

मी दुसऱ्या दिवसापासून डेअरीवर उभी राहते. माणसं खरंच भेटतात. कॅन रिकामा होईपर्यंत त्यांना कुठं जाता येत नाही, त्यामुळे माझं सगळं ऐकून घ्यावं लागतं. गिरणीपाशी बाया भेटतात. तिथं आवाज एवढा, की बोलता काही येत नाही, पण दळण होईपर्यंत त्याच मला बाजूला घेऊन सांगत बसतात. नर्सबाई आठवड्यातून कितीदा येते, पोरीला शाळेतून कुणी कामून काढलं, सगळं. मी मतं मागायला जाते आणि कान भरून परत येते.

फॉर्म भरतानाची मजा राहिलीच. साहेबांनी त्याच दिवशी ढोल, हलग्या, गाड्या. आम्ही पाच जण रिक्षातून. आत गेलो तर तिथला माणूस तुझ्या दाजींना म्हणतो, "या, बसा, उमेदवार आपण ना?" दाजी म्हणाले, "न्हाई हो, मी उमेदवाराचा डबा." सगळे हसले. मीही हसले. पण बाहेर आल्यावर राग आला मला. सोळा वर्षं या तालुक्यात पायपीट केली आणि खुर्ची अजून यांनाच देतात.

रविवारी भाऊबीज. चार वर्षं झाली, मी ताट करते, निरांजन लावते आणि अंगणात जाऊन चंद्राला ओवाळते. चंद्र बरा, भांडत नाही. पण तो बसत नाही पाटावर, आणि करंज्या सगळ्या मलाच खाव्या लागतात. येतोस का? साहेबांना विचारून ये पाहिजे तर.

तनुजा

३ नोव्हेंबर, भाऊबीज

दादा,

तू आत्ताच गेलास. गाडीची धूळ अजून खाली बसलेली नाही आणि मी लिहायला बसलेय. जे झालं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण मला ते समजून घ्यायचंय आणि लिहिल्याशिवाय मला समजत नाही.

गाडीचा आवाज आला तेव्हा मला वाटलं दाजींचं कुणी गिऱ्हाईक असेल. दारात तू. केस केवढे पांढरे झालेत रे! "पाणी देऊ का?" असं विचारलं मी तुला, सख्ख्या भावाला, पाहुण्यासारखं. आणि तू म्हणालास, "ओवाळ आधी. मला जल्दी हाय."

पाट मांडला. टिळा लावायच्या घाईत कुंकू तुझ्या नाकावर सांडलं, तू पुसलं नाहीस. ओवाळून झालं. ताट तुझ्यापुढं धरलं. आता तू काहीतरी टाकणार म्हणून मी वाट बघत होते, काहीही चाललं असतं मला, नुसती सुपारी टाकली असतीस तरी. तू खिशात हात घातला नाहीस.

"तनू," म्हणालास, "औंदा उलटं करू. औंदा मी मागतो, तू दे. उद्या फॉर्म काढायचा शेवटचा दिवस हाय. काढून घे."

मी विचारलं, "साहेबांनी पाठवलं?"

"व्हय."

मला वाटलं विषय संपला. पण तू उठला नाहीस. मान खाली घालून सांगितलंस, की तुझ्या धाकटीचं, स्वप्नालीचं ठरलंय. साहेबांच्या पाहुण्यांतलं स्थळ, अर्धापूरची केळीच्या बागावाली माणसं. सतरा तारखेला, त्यांच्याच घरी, चार माणसांत. सगळे अधिकारी निवडणुकीच्या कामाला जुंपलेले, कुणाला पत्ता लागायचा नाही. स्वप्नाली दहावीत आहे, दादा. पंधराची आहे.

"तू फॉर्म काढ," तू म्हणालास, "मी सतरा तारीख मोडतो. अठराची होईपर्यंत तिच्या लग्नाचं नाव काढणार न्हाई. आईच्यान."

खोटं बोलत नव्हतास. आईची शपथ तू खोटी घेत नाहीस, हे मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून तर तुला सरळ नाही म्हणता येईना. साहेबांनी एखादी धमकी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. तू मला माझीच भाची देऊ केलीस.

करंजी न खाता उठलास. ताट तसंच रिकामं माझ्या हातात. ओवाळणी न टाकता भाऊ उठून गेला, असं आपल्या सात पिढ्यांत झालं नसेल. दाजी बाहेरून आले, माझं तोंड बघितलं आणि ताट हातातून घेतलं.

उद्या दुपारी तीनपर्यंत वेळ आहे. मी काय करणार ते मलाच माहीत नाही. तुला माहीत असेल तर सांग.

तनू

५ नोव्हेंबर

दादा,

नाही काढला. तुला काल संध्याकाळीच कळलं असणार.

तहसीलला गेले होते मात्र. अर्ज लिहून नेला होता. तिथं एका अपक्षाला फॉर्म काढायला दोन कार्यकर्ते हाताला धरून आत नेत होते, तो बाहेर आला तेव्हा गळ्यात हार होता आणि तोंड रडवेलं. मी पायरीवर बसले. स्वप्नाली डोळ्यांपुढून हलेना. ती चौथीत असताना माझ्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीला आली होती, तेव्हा तिनं माझं वजनाचं यंत्र खोललं होतं, आत काय आहे बघायला. तुला आठवतं? तू तिला मारणार होतास, मी म्हटलं, राहू दे, माझ्यावर गेलीय.

म्हटलं, द्यावा अर्ज. एक पोरगी वाचते. आमदार कुठं आपण होणार होतो!

मग वाटलं, आज मी हे केलं, तर उद्या प्रत्येक गावात बापाला कळेल की पोरीचं वय पुढं करून माझ्याकडून काहीही काढून घेता येतं. एसटी मागू नको, मी पोरीला शिकवतो. नर्स मागू नको, मी पोरीला शिकवतो. पंधरा वर्षांच्या पोरीचं लग्न न करणं ही काय तू माझ्यावर करायची मेहरबानी आहे का? ते तर तसंही करायचं नसतं! एवढा राग आला मला तुझा, की मी अर्ज फाडला आणि तिथंच चहाच्या गाड्यावर दोन चहा प्यायले.

लग्न मी मोडणारच, दादा. फॉर्म ठेवूनही मोडणार. तुला आधी सांगून ठेवते, मागल्या वेळेसारखं मागून कळवलं असं म्हणायला नको.

पण एक कोडं सुटत नाही. तू साहेबांचा इतका जुना माणूस. कुणाच्या घरात काय शिजतंय ते तुला कळतं, तुझ्या घरातलं कुणाला कळत नाही. आणि तू येऊन मला, जिनं तुझा एक मांडव उतरवला तिला, तारीख सांगितलीस. गाव सांगितलंस. चार माणसांत आहे हेही सांगितलंस. नुसतं "स्वप्नालीचं ठरायलंय" एवढ्यावर भागलं असतं. तारीख का सांगितलीस?

ते जाऊ दे, आता हस जरा. आम्हाला चिन्ह मिळालं. यादीत बघता बघता मला इंजेक्शन दिसलं आणि मी उडीच मारली. म्हटलं, हे माझं! सोळा वर्षं पोरांना टोचायला मीच नेलं, सगळा तालुका ओळखेल. ओळखतो की! आज सकाळी रिक्षाला हे एवढं मोठं इंजेक्शन लावून पहिल्या गावात शिरलो, तर गल्लीतली सगळी पोरं बोंबलत घरात. एक तर धान्याच्या कोठीत जाऊन लपलं, ते निघेना. त्याची आई मलाच म्हणते, "ताई, तुमी जाता का जरा पुढं, लेकरू दडपून मरंल." दुपारपर्यंत गावागावात बाया जेवत नसलेल्या पोरांना माझं नाव सांगायला लागल्या. कपबशी होती यादीत, शिट्टी होती, शिलाई मशीन होतं. मलाच हे कसं सुचलं असेल? दाजी म्हणतात, "मतदान पोरायचं नसतंय हे नशीब."

तनुजा

१६ नोव्हेंबर

दादा,

आज तू मला चावडीपुढं ज्या शिव्या दिल्यास, त्यातल्या दोन मी पहिल्यांदाच ऐकल्या. दाजींना अर्थ विचारला, ते सांगेनात.

नीट सांगते, कारण मला वाटतं तू आज पूर्ण शुद्धीवर होतास, माझ्यापेक्षाही जास्त.

काल मी ग्रामसेवकाला लेखी दिलं, पोलिसांना दिलं. माझ्या बरोबरचे सगळे विरोधात होते. नागसेन, आमच्या संस्थेचा माझा जुना सोबती, रडकुंडीला आला. "ताई, पाच दिवसांवर मतदान. सावरवाडीच काय, आसपासची धा गावं तुमची भावकी. भावाच्या घरात पोलीस घालणाऱ्या बाईला कोण मत देईल? कुणाकडून तरी दुसऱ्याकडून कळवा." मी म्हटलं, माझं नाव टाकूनच कळवायचं. दादाला कळायला पाहिजे कुणी केलं.

आज सकाळी आलो. ग्रामसेवक, दोन पोलीस आणि मी. ग्रामसेवक तुला समजावत होता, कागदावर सही घेत होता, तू चावडीपुढं उभा राहून ओरडत होतास. "माझी बहीण न्हाई, वैरीण हाय! घराचं वाटोळं केलं हिनं! साहेबायला आता कोणत्या तोंडानं सांगू?" सगळी सावरवाडी गोळा झाली. साहेबांची माणसंही होती. साहेबांना कोणत्या तोंडानं सांगू, हे तू तीनदा म्हणालास, आणि तिन्ही वेळा त्यांच्या माणसांकडे बघून म्हणालास.

मी तेवढ्यात आत गेले, आईच्या पाया पडायला. चार वर्षांनी मी त्या घरात पाऊल टाकलं. आई चुलीपाशी. मला कुशीत घेतलं, दोघी खूप रडलो. आणि मग, माझा स्वभाव तुला माहीत आहे, रडता रडता माझं लक्ष इकडंतिकडं गेलं.

दादा, उद्या लग्न होतं ना?

जात्यावर हळद दळलेली नव्हती. जात्याला सुपारी बांधलेली नव्हती. पोरीचा बस्ता कुठं दिसला नाही, एक नवी साडी नाही. रुखवताचं नाव नाही. आपली आई, साखराबाई! शेजारच्या घरी बारसं असलं तरी आठवडाभर आधी कढई चढवणारी बाई. तिच्या घरात नातीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी एक शंकरपाळं तळलेलं नव्हतं. चुलीवर साधं वरण होतं. शिवांगीच्या वेळेला, घाईघाईत, लॉकडाऊनमध्येसुद्धा, हिनं डबे भरून अनारसे केले होते, पोलिसांनाही दिले होते.

मी आईला विचारलं, "आई, हे काय? उद्या नेणार होते ना पोरीला?"

आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग हळूच म्हणाली, "रविकांत म्हनला, काय करू नगंस. तनी येतीय."

मी दारातून बाहेर बघितलं. तू ओरडत होतास. नाकावरचं कुंकू पुसलं नव्हतंस ना तू भाऊबीजेला, तसाच दिसलास मला. आणि आतल्या खोलीत स्वप्नाली भूमितीचं पुस्तक घेऊन बसली होती. मला म्हणाली, "आत्या, पप्पा अजून किती वेळ ओरडणार? माझी सोमवारी चाचणी हाय."

मग मला सगळं उमगलं. साहेबांनी स्थळ आणलं, तुला त्यांना नाही म्हणता आलं नाही. वीस वर्षं त्यांच्या गाडीपुढं पळालास, तोंड कसं उघडायचं? मग तू तारीख अशा बाईला सांगितलीस, जिचं तोंड बंद होत नाही. मी फॉर्म काढला असता तर साहेबांचं काम करून दिलं म्हणून तुला लग्न मोडायला निमित्त मिळालं असतं. नाही काढला तर मी आहेच, वैरीण. काही झालं तरी पोरगी वाचणार होती. अरे, मग मला सरळ सांगता येत नव्हतं का? दोन आठवडे झोप नाही मला! त्या तहसीलच्या पायरीवर माझा जीव जायची वेळ आली होती!

मी बाहेर आले तेव्हा तुला काहीतरी म्हणावंसं वाटत होतं. पण साहेबांची माणसं बघत होती. म्हणून मीही ओरडले. "आईला भेटायला मी येणार, काय करायचं ते कर!" बरं जमलं ना? मला पहिल्यांदाच अशी भांडायची मजा आली.

चूक असेन तर चूक म्हण. पण मी चूक नाही.

तनू

२४ नोव्हेंबर

रवीदादा,

पडले. चांगली आपटले. नागसेन म्हणत होता तसंच झालं. आपल्या भावकीच्या गावांनी मला पार पुसून टाकलं, सावरवाडीत तर माझी मतं हाताच्या बोटांवर. काल मोजणीच्या ठिकाणी सावरवाडीचा आकडा पुकारला तो मी दोनदा विचारून घेतला. ज्या बायांची बाळंतपणं मी काढली, त्यांनीही दिलं नाही. घरी येऊन रडले. खोटं कशाला सांगू, मला निवडून यायचं होतं. आधी नुसती खुर्ची उचलून बघायची होती, पण महिनाभर फिरल्यावर मला ती हवीच वाटायला लागली होती. डेअरीवर एका म्हाताऱ्यानं मला सांगितलं होतं, "एसटी आली तर पहिलं तिकीट मी काढीन, बाई." त्याला आता काय सांगू?

संध्याकाळी साहेबांची मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली. तू पुढं होतास, गुलालानं अंग भरलेलं. दुकानापाशी आलास तेव्हा हलगी थांबवायला लावलीस आणि सगळ्यांसमोर ओरडलास, "काय उमेदवार! कळलं का आता?" लोक हसले. दाजींचा पाना हातात घट्ट झाला होता, मी त्यांना डोळ्यांनी नको म्हटलं. मग तू मूठभर गुलाल माझ्या उंबऱ्यावर टाकलास आणि पुढं गेलास. लोकांना वाटलं, डिवचलं. मला काय वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही.

आज दुपारी दारात रिक्षा थांबली. शिवांगी उतरली, नांदेडहून दोन दिवसांची सुट्टी काढून आलेली. नर्सिंगचं शेवटचं वर्ष, केवढी ऐटबाज झालीय! तिच्यामागं स्वप्नाली. पाठीवर दप्तर, एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात ज्वारीच्या पिठाचा डबा, वर आईनं बांधून दिलेला ठेचा.

मी विचारलं, "हे काय गं?"

स्वप्नाली म्हणाली, "मी भांडून आलेय घरातून." आणि हसली. मग पाठ केल्यासारखं म्हणाली, "गावात तसंच सांगायचं हाय. पोरगी बापावर रुसून आत्याकडं गेली. इथूनच दहावी करायची, इथूनच पुढं. शाळेतून दाखला काढलाय."

"कुणी काढला?"

"पप्पांनी. आणि पप्पा म्हणले, आत्याला सांग, भाऊबीजेची ओवाळणी राहिली होती."

दादा, मी उंबऱ्यावरच बसले. शिवांगीला वाटलं मला चक्कर आली, ती नाडी बघायला लागली.

मग उठले. ते ताट दाजींनी फडताळात वर ठेवलं होतं, धुतलं नव्हतं, निरांजनातली वात तशीच होती. ते काढलं, वात बदलली आणि दोघींना एका पाटावर बसवून ओवाळलं. भाऊबीज होऊन तीन आठवडे झालेत, कुणी नाव ठेवायचं तर ठेवू दे. स्वप्नाली विचारत होती, निरांजनाची ज्योत वरच का जाते. मला सांगता आलं नाही. म्हटलं, उद्या शाळेत विचार आणि मलाही सांग.

तू मला पोरगी दिलीस असं मी समजत नाही. ती कुणी कुणाला द्यायची वस्तू नव्हे, त्यावरूनच तर आपलं चार वर्षं वाजलं. तू तिची पुढची वर्षं आणून माझ्या ताटात टाकलीस. साहेबांच्या भीतीनं, चोरून, गुलालाच्या आड, पण टाकलीस.

आता तू गावात मला शिव्या देत राहा. शंकरप्पाला पत्र परत ने म्हणत राहा. मी ओळखून घेईन. पाच वर्षांनी मी पुन्हा उभी राहणार, चिन्ह मात्र कपबशी घेणार.

सध्या घरात जागा नाही, दाजी दुकानात झोपतात, आणि स्वप्नालीनं आल्या आल्या त्यांची एक मोटार खोलून ठेवलीय. ओवाळणी पोचली, दादा. आणि एक ध्यानात ठेव, दिलेली ओवाळणी परत मागत नसतात.

तुझी,
तनू